गुडघ्याने बसवलेला माणूस

डिंगेमान मालयार्स हा आमच्या गावातला असा माणूस, की तो चर्चमध्ये नसला तर सगळ्यांना कळायचं आणि असला तर कुणाला पत्ता लागायचा नाही. दार उघडायचं त्याने, घंटा वाजवायची त्याने, हिवाळ्यात हीटर लावायचा त्याने, स्तोत्रांचे आकडे फळ्यावर चढवायचे त्याने. उपदेश लांबला की मागच्या बाकावर पेंगणाऱ्या म्हाताऱ्यांच्या हातात गुपचूप पेपरमिंटची गोळी सरकवणाराही तोच. अशा माणसाला इकडे झेलंड प्रांतात कोस्टर म्हणतात. गावाने त्याचं नाव कधीच टाकून दिलं होतं. जो तो कोस्टर म्हणूनच हाक मारायचा. डिंगेमान म्हणायचे ते दोघंच, बायको पीटरनेल आणि शाळेपासूनचा मित्र कॉडे.

चर्चमागच्या कबरींवरचं गवतही तोच कापायचा, आणि मोठ्या निगुतीने कापायचा. "शेवटच्या दिवशी कर्णा वाजेल आणि ही सगळी मंडळी उठून बसतील," तो म्हणायचा. "उठल्या उठल्या पहिलं काय बघणार? गवत. म्हणतील, हा कोस्टर इतकी वर्षं करत काय होता?" तो हे हसत म्हणायचा, पण थट्टा म्हणून म्हणायचा नाही. मेलेले उठणार, याबद्दल आमच्या गावात कुणाच्या मनात शंका नाही. शंका आहे ती उठल्यावर कोण कुठे जाणार याची. आणि ही शंका दर तीन महिन्यांनी चर्चमध्ये एका पांढऱ्या चादरीवर मांडली जाते.

प्रभुभोजनाच्या रविवारी व्यासपीठासमोर लांबलचक मेज लागतं. ख्रिस्ताने पापी माणसांसाठी आपला देह दिला, रक्त सांडलं. त्याची खूण म्हणून भाकरीचा तुकडा आणि द्राक्षारसाचा घोट. ज्याचा विश्वास आहे त्याने यावं, येताना काही आणायचं नाही, काही कमवून यायचं नाही, सगळी कृपा आहे. पाळकसाहेब हे अगदी पोटतिडकीने सांगतात. चर्च खच्चून भरलेलं असतं आणि मेजाकडे जातात ओंजळभर माणसं. बाकीची बाकांवर बसून बघतात. परगावच्या पाहुण्याला वाटेल, ही मंडळी देव मानत नाहीत की काय. मानत नाहीत कसली! भीतीने बसलेली असतात. कारण तेच पाळकसाहेब तेवढ्याच पोटतिडकीने हेही सांगतात, की लायकी नसताना जो ही भाकर खातो तो स्वतःची शिक्षाच चावून गिळतो. मग आपण देवाचे आहोत हे ओळखायचं कसं? त्याला खूण लागते. कुणाला शेतात काम करताना शास्त्रातलं वचन कानात कुणी बोलल्यासारखं ऐकू आलेलं असतं, कुणाला दुखण्यातून उठताना. तसं काही झालं की ते चर्चच्या पंचांना जाऊन सांगायचं आणि मग मेजाला बसायचं. नाही झालं तर जन्मभर बाकावर.

या मेजाची सगळी तयारी मात्र न बसणाऱ्यांच्या हातची. आदल्या शनिवारी डिंगेमान बेकरीतून पांढरा पाव आणायचा. शास्त्रात ती भाकर, दुकानात पाव. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो त्याच्या कडा कापायचा, आतल्या मऊ भागाच्या लांब पट्ट्या करायचा आणि कडा कोंबड्यांना घालायचा. शेजारी पीटरनेल मेजाच्या चादरीला इस्त्री करायची. द्राक्षारसाचे डाग तीच धुवायची. डाग कुठल्या जागेवर पडलाय यावरून कुणाचा हात थरथरला ते तिला कळायचं, पण ती कुणाजवळ बोलायची नाही. ती स्वतः त्या चादरीपुढे कधी बसली नव्हती. तिची आईही बसली नव्हती. मरताना आई पीटरनेलचा हात धरून विचारत होती, "माझ्यासाठी जागा असेल ना गं तिथे?" पीटरनेलला खरं माहीत नव्हतं आणि खोटं बोलवत नव्हतं. "असेल गं आई" एवढे तीन शब्द तिच्या तोंडून निघाले नाहीत, आणि आई गेली. हे तिने लग्नानंतर डिंगेमानला एकदाच सांगितलं होतं. पुन्हा तो विषय घरात निघाला नाही.

गेल्या पानगळीतल्या प्रभुभोजनाला पाळकसाहेब हूकमन मेजाच्या मध्यावर येऊन बसले होते आणि स्तोत्र चालू होतं. आमचं स्तोत्र इतकं संथ, की एका कडव्यात माणूस घरी विसरलेला चष्मा घेऊन परत येईल. त्या सुरावर मेजाला बसणारी माणसं खाली मान घालून एकेक करून पुढे येत होती. डिंगेमानने पाळकसाहेबांसाठी पाण्याचा ग्लास नेऊन ठेवला, आणि परत जाताना मेजाच्या टोकाशी त्याचा डावा गुडघा अडकला.

हा गुडघा जुना दुखणेकरी. तरुणपणी घंटेच्या जिन्यावरून पडला तेव्हापासूनचा. डॉक्टर ऑपरेशन करून घे म्हणून मागे लागलेले आणि डिंगेमान 'बघू, बघू' करत टाळणारा. एरवी गुडघा कुरकुर करून गप्प बसायचा. त्या दिवशी त्याने सरळ संप पुकारला. पाय ना पुढे जाईना ना मागे. डोळ्यांपुढे काजवे चमकले. हाताला लागली ती खुर्ची धरून डिंगेमान खाली बसला.

ती खुर्ची मेजाची होती.

ऑर्गन वाजतच होता, पण गाणाऱ्यांचा आवाज एकदम निम्म्यावर आला. पंचांच्या बाकावर बसलेल्या कॉडेचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. पीटरनेल बाकावर ताठ झाली. डिंगेमानला हे काही दिसत नव्हतं. तो कळ जिरायची वाट बघत होता, आणि कळ जिरली तेव्हा स्तोत्र संपलेलं होतं.  आपण कुठे बसलोय हे त्याला तेव्हा कळलं.

उठावं असं त्याला वाटलं. पण उठायला गुडघा लागतो. शिवाय प्रभूच्या मेजावरून भर मंडळीत उठून गेलेला माणूस गावाने आजवर पाहिला नव्हता. बरं, भाकरीचं ताट हातोहात फिरत येतं, ते काही न घेता पुढे सरकवावं, तर पुढे कुणीच नव्हतं. तो अगदी टोकाला बसलेला. शेजारी विधवा यिकमीन होती. गावातली प्रत्येक बातमी तिच्या मोबाइलवरून सुटते, पण मेजाला बसली की तिची नजर चादरीवरून हलत नाही. तिने न बघताच ताट त्याच्यापुढे धरलं. त्यानेच काल कापलेल्या पट्ट्या होत्या. एक जरा वाकडी गेलेली, तीही ओळखीची. डिंगेमानचा हात पुढे झाला आणि त्याने ती वाकडी पट्टी उचलून खाल्ली. मग प्याला आला, त्यातला एक घोट घेतला. आभाळ फाटलं नाही, कुणी कानात बोललं नाही. पाव किंचित सुकला होता.

उपासना सुटली की दारात उभं राहायचं हे त्याचं नेहमीचं काम. एरवी लोक हात त्याच्या हातात द्यायचे आणि बोलायचे दुसऱ्याशी. त्या दिवशी प्रत्येक जण हात दाबून डोळ्यांत बघत होता. "देव भला आहे, डिंगेमान." "किती वर्षं वाट बघितलीस, डिंगेमान!" इतक्या जणांना आपलं नाव अजून आठवतंय याचंच त्याला नवल वाटलं.

घरी जाताना वाऱ्याला तोंड देत दोघं चालली. घरी आल्यावर तिने हॅट काढली, कॉफी ओतली, दोघांनी डोळे मिटून प्रार्थना केली. कॉफीबरोबरच्या केकलाही देवाचे आभार मानल्याशिवाय या घरात कुणी हात लावत नाही. डोळे उघडल्याबरोबर तिने विचारलं, "कधी कळलं तुला?"

"काय?"

"काय म्हणून मलाच विचार! एका छपराखाली राहतो आपण. यिकमीनच्या शेजारी जाऊन बसायच्या आधी बायकोला एक शब्द सांगावासा वाटला नाही?"

"नेल, गुडघा अडकला."

"अं?"

"गुडघा. खुर्ची जवळ होती म्हणून बसलो."

पीटरनेल त्याच्याकडे बघत राहिली. मग ती हसायला लागली, आणि इतकी हसली की कॉफी बशीत सांडली. मधेच तिचं हसू थांबलं.

"बसलास ते बसलास. पण खाल्लंस का?"

"माहीत नाही."

"माहीत नाही? दात कुणाचे होते, माझे?"

"ताट समोर आलं, नेल."

"समोर बस येऊन थांबली तर चढतोस का तू? कुठे जाते ते न बघता?"

डिंगेमानने केकचा तुकडा ताटलीत परत ठेवला. बस चुकीची असेल तर पुढच्या थांब्यावर उतरता येतं. खाल्लेलं परत काढता येत नाही, हे त्याला तिच्याइतकंच कळत होतं.

दुसऱ्या दिवशी कॉडे आला. स्वतःच्या शेतातल्या कांद्यांची पिशवी घेऊन आला, म्हणजे प्रकरण मोठं होतं; कॉडे कांदे सहसा कुणाला देत नाही. तो चर्चचा पंच आणि मेजाला बसणारा. त्याला बांधावर उभं असताना वचन मिळालं होतं, आणि तो बांध अजून तो लोकांना दाखवतो. खुर्ची पुढे ओढून तो म्हणाला, "सांग आता. कुठलं वचन मिळालं?"

"वचन नाही मिळालं."

"स्वप्न पडलं?"

"नाही."

"मग रडू आलं असेल. कधीकधी नुसतं रडू येतं."

"गुडघा अडकला, कॉडे."

कॉडेने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "हे तू मला सांगायला नको होतंस."

"तू विचारलंस."

"मी काय तुझ्या गुडघ्याची चौकशी करायला आलो होतो? आता हे मला पंचांच्या बैठकीत सांगावं लागणार." तो उठला, दारापर्यंत गेला आणि परत वळला. "खरं सांगू? काल इतका आनंद झाला होता मला. बायकोला म्हटलं, आपला डिंगेमानपण आला शेवटी." एवढं बोलून तो गेला. कांदे मात्र ठेवून गेला.

गोष्ट बैठकीपर्यंत पोहोचायच्या आधीच यिकमीनच्या मोबाइलवर पोहोचली आणि गावात दोन तट पडले. काही म्हणाले, कोस्टरने पवित्र मेजाचं बाकडं केलं. काही म्हणाले, हळू बोला. आमच्याकडे योगायोग हा शब्द वापरत नाहीत. देवाच्या मर्जीशिवाय डोक्यावरचा केस गळत नाही, म्हणून अर्धं गाव घराचा विमासुद्धा काढत नाही. वादळात कुणाचं छप्पर उडालं की दुसऱ्या दिवशी शेजारी शिड्या आणि कौलं घेऊन दारात हजर होतात, हाच आमचा विमा. मग जिथे कौलसुद्धा देवाच्या हातून पडतं, तिथे डिंगेमानचा गुडघा तेवढा आपोआप अडकला असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? बेकरीतल्या रांगेत यावर असा वाद रंगला, की दोघींनी एकमेकींचाच पाव उचलून नेला.

या सगळ्यात डिंगेमानला वेगळीच गोष्ट छळत होती. त्याचं जेवण कमी झालं. गवत कापायला गेला की तो कबरींमध्ये उभा राही आणि मशीन बंदच राही. मेलेल्यांची त्याला कधी भीती वाटली नव्हती. आता त्यांच्याबरोबर उठायची वाटू लागली.

बैठक झाल्यावर पाळकसाहेब सायकलवरून स्वतः आले. माणूस तसा तरुण, उपदेशात कडक, घरी आला की आपली कपबशी आपण विसळणारा. "कॉडेने सांगितलं," ते म्हणाले, "पण मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

डिंगेमानने सांगितलं. पाळकसाहेबांच्या ओठाचा कोपरा हलला.

"हसा, साहेब. नेलपण हसली."

"हसण्यासारखं आहे. पण हसून संपण्यासारखं नाही."

"मग एक सांगा." डिंगेमान पुढे सरकला. "मी शिक्षा खाल्ली का? मला भीती वाटते, साहेब. तुम्ही दर रविवारी सांगता, माणूस आपल्या पायांनी देवाकडे एक पाऊलसुद्धा टाकू शकत नाही. मी तर पायांनी गेलोच नाही. पाय चालला असता तर मागे दाराशी उभा असतो. वाद घालत नाहीये मी. मला खरंच कळत नाहीये."

पाळकसाहेबांनी कप बाजूला ठेवला. मग म्हणाले, "तुमचा गुडघा देवाने अडकवला की संधिवाताने, हे मला नाही सांगता येणार. पण गुडघ्याने तुम्हाला फक्त बसवलं. हात कुणी पुढे केला? गुडघा काही ताटातून उचलत नाही."

डिंगेमानने आपल्या हाताकडे पाहिलं. त्याला तो हात कुणा दुसऱ्याचा वाटला.

"पुढच्या वेळी तुम्हाला थांबवावं, असं पंचांचं म्हणणं होतं," पाळकसाहेब पुढे म्हणाले. "मी म्हटलं, मी अडवणार नाही आणि ओढणारही नाही. पुढचं भोजन नाताळानंतर आहे. घेताना तुमच्या मनात काय होतं ते तोवर शोधा. सापडलं तर या."

"आणि नाही सापडलं तर?"

"तर मग मला तुमच्याइतकीच काळजी वाटेल, डिंगेमान." हे ते मनापासून म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

त्या दिवसापासून डिंगेमान आपल्या हातावर पाळत ठेवू लागला. दुकानात सुटे पैसे घेताना बघायचा, घंटेचा दोर धरताना बघायचा. हात मुकाट्याने आपली कामं करत होता, त्याच्या पोटातलं काही सांगत नव्हता. पीटरनेल हे बघत होती आणि आतल्या आत धुमसत होती. एका संध्याकाळी बटाटे सोलता सोलता तिने सुरी खाली ठेवली.

"मला राग कशाचा येतो सांगू? तू खाल्लंस त्याचा नाही."

"मग?"

"मी लहानपणापासून कान देऊन बसलेय, डिंगेमान. आई गेली तेव्हा रात्रंदिवस ऐकत होते, काहीतरी कानावर येईल म्हणून. तिला सांगायला एक शब्द तरी मिळेल म्हणून. एक शब्द आला नाही. आणि तुला काय, एक मोडका गुडघा पुरला!" ती रडायला लागली. ती रडली की आवाज करत नाही, नुसतं नाक लाल होतं.  डिंगेमानने सुरी उचलली आणि उरलेले बटाटे सोलले.

नाताळ झाला. भोजनाचा रविवार जवळ आला आणि डिंगेमानच्या हाताला काही उत्तर सापडलं नव्हतं. त्याने मनाशी ठरवलं, मागे दाराशी उभं राहायचं. शनिवारी त्याने पाव आणला आणि नेहमीसारखा कडा कापायला बसला. शेजारी पीटरनेल चादरीला इस्त्री करत होती.  पावाची एक कड चांगली खरपूस भाजलेली निघाली. तशी तिला आवडते, म्हणून जुन्या सवयीने त्याने ती तिच्याकडे केली. पीटरनेलने वर न बघता डाव्या हाताने घेतली आणि तोंडात टाकली. उजव्या हाताने इस्त्री चालूच.

डिंगेमानची सुरी थांबली.

"नेल. आत्ता काय केलंस?"

"आंधळा आहेस का? इस्त्री करतेय."

"ते नाही. खाल्लंस."

"मग? कोंबड्यांच्या तोंडचं पळवलं म्हणून ओरडतोस?"

"घेताना तुझ्या मनात काय होतं?"

"मनात काय असणार?" ती वैतागून म्हणाली. "तू दिलंस."

एवढं बोलून ती जागच्या जागी थबकली. डिंगेमान तिच्याकडे बघत होता. लायकीचा विचार तिने केला नव्हता, खूण मागितली नव्हती, देणारा कोण हे तिला इतकं पक्कं ठाऊक होतं की वर बघायचीही गरज पडली नव्हती. त्याला यिकमीनने धरलेलं ताट आठवलं, ती वाकडी पट्टी आठवली. त्या दिवशी त्याच्याही मनात दुसरं काही नव्हतं. आपल्याला कुणीतरी देतंय, एवढंच होतं.

"असंच होतं," तो हळूच म्हणाला. "अगदी असंच होतं, नेल."

 खोलीत करपल्याचा वास आला तेव्हा दोघं भानावर आली. इस्त्री चादरीवर तशीच राहिली होती. तिने ती झटकन उचलली, पण व्हायचं ते झालं होतं. पांढऱ्या कापडावर पिवळट तपकिरी डाग. इतक्या वर्षांत तिच्या हातून चादरीला पहिल्यांदा काही झालं होतं. "टोकाकडे येऊ दे ही बाजू," ती शेवटी म्हणाली. "तिथे कुणी बसत नाही."

रविवारी चर्च नेहमीसारखं भरलं. पाळकसाहेबांनी आधी कुणी येऊ नये ते सांगितलं, मग कुणी यावं ते सांगितलं. स्तोत्र सुरू झालं. कॉडे उठला, यिकमीन उठली, ओंजळभर माणसं खाली मान घालून पुढे गेली. डिंगेमान दाराशी उभा होता. उत्तर सापडलं होतं, आणि आता पाय उचलत नव्हते. गुडघा त्या दिवशी ठणठणीत होता, तीच तर पंचाईत होती. आज गेला तर आपल्या पायांनी जाणार होता, सगळ्यांच्या देखत, आणि चुकला तर दोष द्यायला गुडघाही नव्हता.

"जागा आहे अजून," पाळकसाहेब म्हणाले. ते दर वेळी म्हणतात. लोक दर वेळी आपल्या बुटांकडे बघतात.

मधल्या बाकावर हालचाल झाली. पीटरनेल उठली होती. शेजारच्यांनी पाय आवरून तिला वाट दिली. त्यांना वाटलं, तिला बरं वाटत नसेल. ती मेजाकडे न जाता उलटी दाराकडे आली आणि डिंगेमानसमोर उभी राहिली.

"चल," ती म्हणाली.

"माझा गुडघा ठीक आहे आज," तो कसाबसा पुटपुटला.

"तुझा असेल. माझे दोन्ही लटपटतायत. हात दे."

त्याने हात दिला. ती सगळा भार त्याच्यावर टाकून चालत होती. मधली वाट संपता संपेना. स्तोत्र म्हणणारे एकेक करून गप्प होत गेले. एकटा कॉडेच मेजावरून घसा ताणून गात राहिला, डोळ्यांतून पाणी वाहत असताना. टोकाच्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. दोघं तिथे बसली. समोर चादरीवर इस्त्रीचा डाग होता.

ताट हातोहात टोकाकडे आलं. डिंगेमानने एक पट्टी घेतली आणि ताट पीटरनेलपुढे धरलं. तिचा हात मांडीवरून वर आला आणि डागाजवळ येऊन थांबला. डिंगेमान ताट धरून राहिला. पाळकसाहेबही थांबले. कुणी घाई केली नाही.

"तू दिलंस," पीटरनेल अगदी हळू म्हणाली. म्हणताना ती डिंगेमानकडे बघत नव्हती.

मग तिने घेतलं.